भाकरीचा शेवटचा मुक्काम

रात्री आठ वाजता तुम्ही ज्वारीची भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी खाल्ली. ताट धुवायला टाकलं, आजीकडून गोष्ट ऐकली आणि झोपी गेलात. आता सांगा बरं, दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होते तेव्हा ती भाकरी कुठे असते?

"पोटात!" असं बहुतेक जण ओरडतील. पण पोटात म्हणजे नेमकं कुठे? जठर तर दोन-चार तासांतच बरंचसं रिकामं झालेलं असतं. तिथून भाकरी लहान आतड्यात उतरते आणि तुम्ही झोपेत असताना ती सगळी वळणं पार करते. तिच्यातली साखर, प्रथिनं, जीवनसत्त्वं वाटेतच रक्तात जातात. सकाळी प्रार्थनेला हात जोडून उभे असता तेव्हा तिचा उरलेला भाग मोठ्या आतड्यात पोचलेला असतो. तिथला मुक्काम सगळ्यात लांबचा, साधारण १२ ते ४८ तासांचा!

या शेवटच्या मुक्कामाबद्दल सहसा कुणी बोलत नाही. शीचा विषय निघाला की वर्गात खसखस पिकते. पिकू द्या, हसून घ्या. पण आज आपण त्याबद्दल मोकळेपणानं बोलणार आहोत. मोठं आतडं हा शरीरातला फार हुशार अवयव आहे. त्याचं सुखदुःख आपण काय खातो यावर खूप अवलंबून असतं. आणि नांदेड-लातूरच्या मुलांना तर या अवयवाची काळजी घेण्याचं ज्ञान घरातच, आजीच्या परातीत मिळतं.

मोठं, पण आखूड

लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं आणि मोठं आतडं फक्त दीड मीटर. मग त्याला मोठं का म्हणायचं? रुंदीमुळे. लहान आतड्याची रुंदी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, तर मोठ्याची सहा-सात सेंटिमीटर.

आता उजवा हात पोटाच्या उजव्या बाजूला, अगदी खाली ठेवा. इथे मोठं आतडं सुरू होतं. ज्याचं ऑपरेशन झाल्याचं आपण अधूनमधून ऐकतो ते अपेंडिक्स इथेच असतं. तिथून हात वर फासळ्यांपर्यंत न्या, मग आडवा डावीकडे न्या आणि मग डाव्या बाजूनं खाली आणा. झाली मोठ्या आतड्याची सहल! भाकरीचा उरलेला भाग याच वाटेनं सावकाश सरकतो.

सकाळी नाश्ता केल्यावर थोड्या वेळानं शीला लागते, हे तुमच्या लक्षात आलंय का? जठरात अन्न आलं की मोठ्या आतड्याला नसांमार्फत निरोप जातो आणि ते जोरानं हलू लागतं. म्हणून सकाळी दहा मिनिटं लवकर उठायचं, काहीतरी खायचं आणि घाई न करता शौचाला बसायचं. शरीराची ही वेळ पाळली तर पोट साफ होणं सोपं जातं.

पाणी वाचवणारं आतडं

लातूरच्या मुलांना पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला चक्क रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. दहा वॅगन, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढे 'जलदूत' नावानं ओळखल्या गेलेल्या या गाड्या पावसाळ्यापर्यंत येत राहिल्या. त्या उन्हाळ्यात घरोघरी भाज्या धुतलेलं पाणी झाडांना जायचं आणि आंघोळीचं पाणी फरशीला.

मोठं आतडं रोज अगदी असाच हिशेब करतं. आपण दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी आणि पातळ पदार्थ पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरसांची भर पडते. मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात दिवसाला असं एकूण नऊ लिटरच्या आसपास पाणी येतं! त्यातलं बरंचसं लहान आतडं परत शोषून घेतं. उरलेलं एक-दीड लिटर मोठ्या आतड्याकडे जातं. तिथून शीवाटे बाहेर किती पडतं? जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं आतडं शरीराला परत देतं.

जुलाब लागतात तेव्हा ही बचत कोलमडते आणि शरीरातलं पाणी भराभर कमी होतं. म्हणून तेव्हा मीठ-साखर-पाणी द्यायचं असतं. याच्या उलटही होतं. शी आत फार वेळ रेंगाळली तर आतडं तिच्यातलं पाणी शोषतच राहतं, शी खड्यासारखी कडक होते आणि मग बद्धकोष्ठता. ती टाळायची तर पाणी धरून ठेवणारं काहीतरी अन्नात हवं. ते काहीतरी म्हणजे चोथा. पुस्तकात त्याला 'तंतुमय पदार्थ' म्हणतात.

न पचणारं अन्न कुणासाठी?

चोथा म्हणजे धान्याच्या सालीतला, डाळीतला, पालेभाजीच्या देठातला, पेरूच्या गरातला असा भाग, जो आपल्या पाचकरसांना तोडता येत नाही. तो जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटायचं, हा निरुपयोगी भाग आहे.

पण मोठ्या आतड्यात त्याची वाट पाहणारे असतात. तिथे हवा नाही, उजेड नाही, तरी जीवाणूंची प्रचंड वस्ती आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असल्याचं दिसलं. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण तेवढ्याच, ३० लाख कोटी. आणि या सगळ्या जीवाणूंचं वजन? फक्त २०० ग्रॅमच्या आसपास.

आपल्याला जे पचत नाही ते यांतल्या अनेकांना पचतं. ते चोथा आंबवतात आणि त्यातून काही छोटी आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल फार मोलाचं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा रक्तातल्या साखरेतून घेत नाहीत, या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे बघा, तुम्ही भाकरी खाता, भाकरीचा चोथा जीवाणू खातात आणि जीवाणूंनी बनवलेलं ब्युटिरेट तुमचं आतडं खातं! ते मिळालं की अस्तर धडधाकट राहतं, तिथली सूज आटोक्यात राहते आणि बिघडलेल्या पेशी वेळच्या वेळी मरून जातात.

आंबवताना वायूही तयार होतो. हो, तोच! दिवसातून दहा-वीस वेळा पादणं अगदी नेहमीचं आहे. जेवणात हरभरा किंवा वाल अचानक वाढवले तर वायू जास्त होतो. म्हणून चोथा हळूहळू वाढवायचा, जीवाणूंना सवय होऊ द्यायची.

शीविषयी आणखी एक गंमत. तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. उरलेल्या घन भागात चतुर्थांश ते निम्मा वाटा जीवाणूंचा असतो. आणि रंग? रक्तातल्या जुन्या, थकलेल्या लाल पेशी शरीर रोज मोडतं. त्यातून निघालेलं रंगद्रव्य पित्तावाटे आतड्यात येतं, जीवाणू त्यावर काम करतात आणि तपकिरी रंग तयार होतो.

जीवाणू उपाशी राहिले तर?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या आणि लक्झेंबर्गमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी खास वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात माणसाच्या आतड्यातले जीवाणू सोडले. काही उंदरांना भरपूर चोथा असलेलं खाणं दिलं, काहींना अजिबात चोथा नसलेलं.

मोठ्या आतड्याच्या आतून एक बुळबुळीत थर असतो. तो जीवाणूंना पेशींपासून जरा लांब ठेवतो. चोथा मिळाला नाही तेव्हा उपाशी जीवाणूंनी तो थरच खायला सुरुवात केली! थर पातळ झाला आणि बाहेरून आलेल्या रोगजंतूंना आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचणं सोपं झालं. ज्यांना चोथा मिळत होता त्या उंदरांचा थर जाड आणि मजबूत राहिला.

प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसात जसंच्या तसं तेच होतं, असं एवढ्यावरून म्हणायचं नसतं. पण आपलं आतडं राखायचं तर त्यातल्या जीवाणूंना जेवू घालावं लागतं, हे त्यातून फार स्पष्ट दिसलं.

बार्शीच्या नोंदी काय सांगतात?

आता उंदरांकडून माणसांकडे वळू. लातूरहून रेल्वेनं पश्चिमेला निघालात की धाराशिव ओलांडून बार्शी लागतं. पाणीगाडीसुद्धा मिरजेहून याच मार्गानं आली होती. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ साली एक मोठं काम सुरू झालं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांत जायचं, लोकांशी बोलायचं आणि कुणाला कोणता कर्करोग झाला याची काटेकोर नोंद ठेवायची. खेड्यांमधली अशी ही भारतातली पहिली नोंदणी. मुंबईत शहरासाठीची नोंदणी १९६३ पासून होतीच.

दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट उठून दिसली. मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईपेक्षा बार्शीकडच्या खेड्यांत बराच कमी होता. आणि मुंबईत तो अमेरिका-युरोपच्या मानानं कमी होता. असं का?

थांबा, लगेच "भाकरीमुळे!" म्हणू नका. विज्ञानात घाई चालत नाही. खेड्यातली माणसं शेतात राबतात, चालतात, त्यांच्यात लठ्ठपणा कमी असतो. दारू, तंबाखू, वय, आनुवंशिकता, डॉक्टर जवळ असणं-नसणं, या सगळ्यांचा परिणाम असतो. पण जेवण हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण आहे, असं जगभरातल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

त्या अभ्यासांची सुरुवात आफ्रिकेत झाली. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक होते. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता, पण नजर विलक्षण तीक्ष्ण! युगांडातल्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काम करताना त्यांना जाणवलं की, इंग्लंडात सर्रास दिसणारे मोठ्या आतड्याचे आजार इथल्या खेडुतांत फारच क्वचित दिसतात. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय मोजलं असेल? चक्क शी! १९७२ साली त्यांनी आकडे छापले. इंग्रज माणसाची दिवसाची शी सुमारे १०० ग्रॅम, आणि अन्न तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत तीन दिवसांहून जास्त वेळ. युगांडातल्या खेडुतांची शी ४०० ग्रॅमहून जास्त, आणि वेळ दीड दिवस. फरक होता चोथ्याचा. लोक हसले असतील, पण बर्किट यांनी लाज बाळगली नाही म्हणून जगाचं चोथ्याकडे लक्ष गेलं.

मग २०१५ साली आणखी एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधले २० कृष्णवर्णीय अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं! अमेरिकनांच्या ताटात आला भरपूर चोथा: दिवसाला १४ ग्रॅम होता, तो ५५ ग्रॅम झाला. आफ्रिकेतल्या लोकांच्या ताटात आलं चरबी आणि मांस जास्त असलेलं जेवण, चोथा ६६ ग्रॅमवरून १२ ग्रॅमवर आला. फक्त १४ दिवसांत काय झालं? अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट अडीच पट वाढलं आणि अस्तराची सूज कमी झाली. आफ्रिकेतल्या लोकांचं ब्युटिरेट निम्म्यावर आलं आणि सूज वाढली.

चौदा दिवस म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुट्टीएवढेच. आतडं किती पटकन ऐकतं बघा! वाईट खाण्याचंही ऐकतं, चांगल्या खाण्याचंही.

येळवशीची भज्जी

चोथा भरपूर हवा हे कळलं. पण तो एकाच प्रकारचा असून चालेल का?

वेगवेगळ्या जीवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. काहींना ज्वारीतला आवडतो, काहींना कांदा-लसणातला, काहींना डाळीतला. २०१८ साली दहा हजारांहून जास्त लोकांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे लोक आठवड्यात ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खायचे, त्यांच्या आतड्यात दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त तऱ्हेतऱ्हेचे जीवाणू होते.

आठवड्यात तीस? अवघड वाटलं का? मग येळवस आठवा!

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, नांदेड-सोलापूरच्या काही भागांत आणि पलीकडे बीदर-कलबुर्गीकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या होते. बोलीत येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात. लातूर जिल्ह्यात तर या सणाला स्थानिक सुट्टी असते. ज्वारीच्या फडात कडब्याची कोप करतात, पाच पांडव मांडून पूजा करतात आणि मग सगळे मिळून जेवायला बसतात. ओळखीचा असो की नसो, वाटेनं जाणाऱ्यालाही आग्रहानं जेवायला बोलावतात.

ताटात काय असतं? आधी भज्जी. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणे, वालाचे दाणे, पावटे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर, चिंचेचा कोळ, वर हरभऱ्याचं पीठ. प्रत्येक घराची यादी वेगळी. शेजारी बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची गूळ घातलेली खीर. आणि मडक्यातलं आंबील.

एका हातावर मोजून संपत नाहीत इतक्या वनस्पती एकाच भाजीत! पंधरा-वीस प्रकार एका जेवणात सहज होतात. हे जेवण कुणी प्रयोगशाळेत ठरवलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत रब्बीच्या शेतात जे जे कोवळं उभं असतं ते सगळं आपल्या शेतकरी बायकांनी एका पातेल्यात आणलं. मला त्यांच्या या शहाणपणाचा फार अभिमान वाटतो.

आंबिलाची गोष्ट आणखी मजेदार. ज्वारीचं पीठ शिजवून, मग ताकात कालवून ठेवतात, म्हणजे धान्याचा चोथा आणि दह्यातले जीवाणू एकाच पेल्यात. उन्हात चालून आल्यावर आंबील प्यायलं की जीव कसा गार होतो, ते शेतात गेलेल्यांनाच कळतं.

आता शिळ्या भाकरीचं गुपित. भाकरी गरम असते तेव्हा तिच्यातलं बरंचसं स्टार्च लहान आतड्यातच पचतं. ती थंड झाली की काही स्टार्चची रचना बदलून घट्ट होते आणि पाचकरसांना ते तोडता येत नाही. ते थेट मोठ्या आतड्यात पोचतं आणि जीवाणूंचं जेवण होतं. म्हणजे झाकून नीट ठेवलेली रात्रीची भाकरी सकाळी ताकात किंवा दुधात कुस्करून खाणं ही अगदी उत्तम न्याहारी आहे. तिला नाकं मुरडू नका. अर्धापूरच्या केळ्यांतही हेच दिसतं. कच्च्या केळ्यात हे न पचणारं स्टार्च भरपूर असतं. केळं पिकत जातं तशी त्याची साखर होते. म्हणून कच्च्या केळ्याची भाजीही अधूनमधून खायची.

किती ग्रॅम पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली मुलांसाठी आकडे दिले. २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १५ ग्रॅम चोथा, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि दहा वर्षांपासून पुढे सगळ्यांना २५ ग्रॅम.

चला, वही काढा आणि बेरीज करा.

१०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी आणि न चाळलेलं गव्हाचं पीठ त्याच्या जरा पुढे, ११ च्या आसपास. मैद्यात मात्र तीन ग्रॅमहूनही कमी, कारण गव्हाचं साल काढून टाकलेलं असतं.

दोन मध्यम भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ: १० ग्रॅम. एक वाटी तुरीचं वरण, ३० ग्रॅम डाळीचं: अडीच ग्रॅमच्या पुढे. वाटीभर पालेभाजी: सुमारे ३ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, २५ ग्रॅम: अडीच ग्रॅम. एक मध्यम पेरू: किमान ५ ग्रॅम. झाले २३! त्यात मूठभर भिजवलेले हरभरे घाला. कोरडे २५ ग्रॅम घेतले तर त्यांत सहा ग्रॅम चोथा. २५ चा आकडा सहज ओलांडला.

आता दुसरी बेरीज. सकाळी चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत चिप्सचं पाकीट, दुपारी मैद्याचे नूडल्स, संध्याकाळी पाव. दिवसभर तोंड चालू आहे, पोटही भरलंय, पण मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलेलं नाही.

या आकड्यांसाठी महागडं काही लागलं का? नाही. लातूरच्या बाजारात तूर, हरभऱ्याच्या थप्प्या लागतात आणि इथल्या डाळ मिलमधली डाळ दूरदूर जाते. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शनाला देशभरातून लोक येतात आणि लंगरमध्ये मांडीला मांडी लावून डाळ-रोटी खातात. आपल्या भागात चांगल्या जेवणाला तोटा नाही.

ताट बदलतंय

तरीही एक काळजी आहे आणि ती तुमच्यापासून लपवायची नाही.

आपल्या आजोबांच्या लहानपणी मराठवाड्यात पावसाळ्यातही ज्वारी आणि हिवाळ्यातही ज्वारी असायची. आता खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन दिसतं, कारण त्याचे लवकर पैसे होतात. ज्वारीला राबणूक जास्त आणि पाखरांचा त्रासही जास्त. शेतकऱ्याला घर चालवायचं असतं, त्याला दोष देता येत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ज्वारीची 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' यांसारखी वाणं देतं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पण शेतात ज्वारी टिकायची तर ती आधी आपल्या ताटात टिकायला हवी.

'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांसाठी गावोगावाहून आलेले ताई-दादा खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि तासन्‌तास बसून अभ्यास करतात. तुमचा कुणी दादा तिथे असेल तर त्याला सांगा, डब्यासोबत एक काकडी, एक पेरू, मूठभर फुटाणे ठेव. आणि तासाभरानं उठून चाल. बसून राहिलं की आतडंही मंदावतं. धावलं, खेळलं की त्याला चालना मिळते.

आणखी एक गोष्ट. शाळेत शी आली तर दाबून ठेवू नका. दाबली की ती आतच राहते, आतडं पाणी शोषत राहतं, मग दुखतं, मग भीतीनं आणखी दाबली जाते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असेल, पाणी नसेल, कडी नसेल तर गुरुजींना, बाईंना धीटपणे सांगा. स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह हा प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा हक्क आहे.

करून पाहा

तुमच्या आतड्याचा वेग मोजायचाय? मक्याचं एक उकडलेलं कणीस खा आणि वेळ वहीत लिहा. त्याआधी तीन-चार दिवस मका खायचा नाही. दाण्याचं पिवळं साल आपल्याला पचत नाही, त्यामुळे ते शीमध्ये ओळखू येतं. पहिल्यांदा कधी दिसलं ते लिहा. बहुतेकांना एक ते दोन दिवस लागतील. मग दोन आठवडे भाकरी, उसळ, पालेभाजी, फळ आणि भरपूर पाणी असं नेमानं घ्या आणि प्रयोग पुन्हा करा. फरक पडला का? तुमचे आणि मित्राचे आकडे वेगळे आले तर घाबरू नका, प्रत्येकाचं आतडं वेगळं असतं. कारण काय असेल यावर दोघं मिळून विचार करा.

न लाजता सांगायचं

मोठ्या आतड्याचा कर्करोग मुलांना फारच क्वचित होतो. तो मोठ्या वयाचा आजार आहे. अस्तरावर आधी छोटी गाठ येते आणि तिचं कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात. म्हणजे तो गाठायला, थांबवायला भरपूर वेळ मिळतो. अट एकच: सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे मोठी माणसं इथेच चुकतात. शीतून रक्त जातंय, पण "मूळव्याधच असेल" म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसतात किंवा पाटी लावून बसलेल्या कुणाकडून भलतंच औषध घेतात. बऱ्याचदा ती मूळव्याधच निघते, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायला हवं. रक्त जाणं, शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणं, कारण नसताना वजन घटणं, सतत थकवा, यांतलं काही घरात कुणाला होत असेल तर त्यांना नांदेडच्या किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला सांगा. तुम्हाला स्वतःला असं काही झालं तर त्याच दिवशी आई-बाबांना सांगा. ही लाजायची गोष्ट नाही. बर्किट लाजले नाहीत, बार्शीच्या गावांत हिंडणारे कार्यकर्ते लाजले नाहीत, म्हणून तर आज आपल्याला एवढं कळलं.

आता तुमचं काम. एका कागदावर १ ते ३० आकडे घाला आणि सोमवारपासून खाल्लेली प्रत्येक वेगळी वनस्पती लिहीत जा. ज्वारी एक, तूर दोन, अंबाडी तीन, जवसाची चटणी चार, करडईची भाजी पाच... लसूण, जिरं, कढीपत्तासुद्धा मोजायचा. रविवारी कुणाचे किती झाले ते वर्गात फळ्यावर मांडा. ज्यांचे कमी पडतील त्यांना बाकीच्यांनी आपल्या डब्यातली भाजी द्यायची आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या वर्गानं मिळून तीस गाठायचे.